जंगल, शहर आणि वाईन: एका टूरमागचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. नेहमीप्रमाणे बोलण्याच्याच ओघात ठेवलंय, त्यामुळे जरा सैल वाटलं तर चालवून घ्या.

आजचा विषय दक्षिण आफ्रिकेच्या टूरचा. फॅमिली ग्रुपवर ती पीडीएफ तुम्हालाही कधीतरी आली असेल. पहिल्या पानावर सिंह, दुसऱ्यावर केपटाउनचा टेबल माउंटन, तिसऱ्यावर द्राक्षांचे मळे आणि हातात वाईनचा ग्लास घेतलेलं जोडपं. आठ-दहा दिवस, सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, रोज भारतीय जेवण. क्रूगर नॅशनल पार्कमध्ये सफारी, केपटाउनमध्ये सिटी टूर आणि स्टेलनबॉश-फ्रान्सहूक भागात वाईन टेस्टिंग. जंगल, शहर, वाईन असे तीन वेगळे डबे, आणि प्रत्येकाला वेगळा दिवस.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, दिवसभर कोड लिहितो. आमच्या कामात एक सवय लागते. एखादी विचित्र ओळ दिसली की ती कोणी लिहिली, कधी लिहिली आणि तेव्हा काय गरज होती, हे आधी शोधायचं. तीच सवय या पीडीएफला लावून बघितली. तीन डब्यांचा इतिहास वेगवेगळा वाचायला घेतला आणि तिन्ही वाटा एकाच गोष्टीत जाऊन मिळाल्या. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारायचे: ही जमीन आधी कोणाकडे होती? आणि इथे राबलं कोण? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आपल्याकडची माणसंसुद्धा आहेत. म्हणून हा भाग.

भाजीचा मळा

सुरुवात शहरापासून करू, कारण बाकी सगळं तिथूनच पसरलं.

सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं हॉलंडहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला जायची. प्रवास सहा-सात महिन्यांचा. ताजी भाजी नाही, फळं नाहीत. मग खलाशांना स्कर्व्ही व्हायचा, हिरड्यांतून रक्त यायचं आणि माणसं वाटेतच मरायची. व्हिटॅमिन सी नावाची गोष्ट तेव्हा कोणाला माहीत नव्हती, पण ताजा पाला आणि फळं खाल्ली की माणूस सुधारतो एवढं अनुभवाने कळलं होतं. त्यामुळे वाटेत एक थांबा हवा होता. आपल्याकडे एसटीचा ढाबा असतो ना, तसं काहीतरी. पाणी भरा, भाजी घ्या, मटण घ्या, पुढे निघा.

त्यासाठी ६ एप्रिल १६५२ रोजी यान फान रिबेक हा कंपनीचा अधिकारी टेबल माउंटनच्या पायथ्याशी उतरला. त्याने पहिल्यांदा जी कामं सुरू केली, त्यात एक होतं भाजीचा मळा. तो मळा आजही केपटाउनच्या मध्यभागी आहे आणि नाव अजून 'कंपनीज गार्डन' हेच. सिटी टूरमध्ये बस तिथे थांबते. लोक खारींना दाणे घालतात, फोटो काढतात आणि पुढे जातात.

पण ती जागा रिकामी नव्हती. तिथे खोईखोई लोक राहत होते. गुरं-मेंढ्या पाळणारे, ऋतू बदलला की कुरणं बदलणारे. आपल्या धनगरांचं फिरणं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. शेताला बांध नाही आणि घराला सातबारा नाही, म्हणजे जमीन कोणाचीच नाही, असा सोयीस्कर अर्थ कंपनीने काढला. आधी त्यांच्याकडून गुरं विकत घेतली. मग १६५७ मध्ये कंपनीने आपल्याच काही नोकरांना मुक्त करून शेतीसाठी जमिनी दिल्या. त्या जमिनी म्हणजे खोईखोईंची चराई. १६५९ मध्ये लढाई झालीच.

१६६० मध्ये तहाची बोलणी झाली. तेव्हा खोईखोईंनी काय विचारलं, हे खुद्द फान रिबेकने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आम्ही तुमच्या हॉलंडला येऊन हेच केलं असतं तर तुम्ही चालवून घेतलं असतं का? निदान रानातले कडू बदाम गोळा करायला आणि कंदमुळं खणायला तरी येऊ द्या, अशी त्यांची मागणी होती. तीही नाकारली गेली. आता तर ही जमीन तलवारीने मिळवलेली आहे, असं त्यांना सांगण्यात आलं.

त्याच वर्षी कंपनीने वसाहतीभोवती एक कुंपण लावायला घेतलं. कुंपणाला झाडं कोणती निवडली? कडू बदामाची. त्या कुंपणाचा काही भाग आजही जिवंत आहे, केपटाउनच्या कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात. हे उद्यान बऱ्याच टूरच्या यादीत असतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची झाडी, वाकडी-तिकडी वाढलेली. आज त्या झाडीत सहज फिरता येतं, पण ती लावली होती आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवण्यासाठी.

रॉबेन बेट आपल्याला नेल्सन मंडेलांमुळे माहीत आहे. त्यांच्या २७ वर्षांच्या कैदेतली १८ वर्षं तिथे गेली. पण त्या बेटाचा तुरुंग म्हणून वापर मंडेलांच्या तीनशे वर्षं आधीच सुरू झाला होता. आउत्शुमाटो नावाचा खोईखोई प्रमुख, जो डचांचा दुभाषाही होता, त्याला १६५८ मध्ये तिथे डांबलं होतं. पुढच्या वर्षी तो होडीतून निसटला.

वाईन, आणि महिन्यांची नावं असलेली माणसं

आता दुसरा डबा. वाईन.

फान रिबेकने १६५५ मध्ये द्राक्षाच्या वेली लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी केपच्या द्राक्षांची पहिली वाईन काढली. ती तारीख त्याने देवाचे आभार मानून लिहून ठेवली. इतका नेमका वाढदिवस असणारे वाईनचे प्रदेश जगात फार नसतील आणि तिथले गाईड हे अभिमानाने सांगतात. पण साल पुन्हा बघा. १६५९, म्हणजे खोईखोईंशी लढाई झाली तेच वर्ष. आणि त्याच्या आदल्या वर्षी, १६५८ मध्ये, दोन जहाजं भरून गुलाम केपला उतरवले होते. एक अंगोलाहून पकडलेल्या माणसांचं, दुसरं गिनीच्या किनाऱ्यावरून. जमीन, मजूर आणि वाईन, तिन्ही गोष्टी तीन वर्षांच्या आत जुळून आल्या.

वेलींना हात खूप लागतात हे नाशिक-सांगलीच्या लोकांना वेगळं सांगायला नको. छाटणी, बांधणी, खुडणी, सगळं हातानेच. स्थानिक खोईखोईंना गुलाम करायला कंपनीची मनाई होती, कारण त्यांच्याकडून गुरं मिळत होती. मग माणसं बाहेरून आणली. १६५२ ते १८०८ या काळात केपला अंदाजे ६३,००० गुलाम आणले गेले. ते आले चार दिशांनी: आफ्रिकेची मुख्य भूमी, मादागास्कर, आजचा इंडोनेशिया आणि भारतीय उपखंड. प्रत्येकाचा वाटा साधारण एक चतुर्थांश. म्हणजे दर चार माणसांमागे एक जण बंगाल, मलबार किंवा कोरोमंडल अशा आपल्याकडच्या किनाऱ्यांवरून नेलेला.

शाळेत आपण दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची गोष्ट १८६० पासून वाचतो. नाताळमधला ऊस, गिरमिटिये, मग १८९३ मध्ये गांधीजी आणि ती ट्रेन. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी आपली माणसं केपमध्ये होती. ती करारावर गेलेली नव्हती, विकली गेलेली होती.

त्यांची नावंही राहिली नाहीत. मालकाने नवं नाव द्यायचं आणि पुढे जिथून आणलं त्या ठिकाणाचं नाव चिकटवायचं, 'बंगालची', 'मलबारचा' असं. काहींना तर महिन्यांची नावं दिली. केपटाउनमध्ये आजही सप्टेंबर, एप्रिल, फेब्रुवारी अशी आडनावं भेटतात. विचार करा, एखाद्याचं आडनाव ऑफिसच्या कॅलेंडरसारखं, कारण त्याच्या पणजोबांच्या पणजोबांचं खरं नाव विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

कंपनीने स्वतःच्या मालकीचे गुलाम ठेवण्यासाठी १६७९ मध्ये कंपनीज गार्डनच्या तोंडाशीच एक इमारत बांधली, स्लेव्ह लॉज. ती इमारत आहे, आता तिथे संग्रहालय आहे. भाजीच्या मळ्यातून चालत दोन-तीन मिनिटं.

आणि त्याच १६७९ मध्ये सिमोन फान डेर स्टेल नावाचा नवा कमांडर केपला आला. स्टेलनबॉश हे गाव त्याने वसवलं आणि स्वतःच्या नावावरून नाव दिलं. १६८५ मध्ये त्याला जमीन मिळाली आणि कॉन्स्टॅन्शिया ही इस्टेट उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतली सगळ्यात जुनी वाईन इस्टेट हीच. तिथली गोड वाईन पुढे इतकी गाजली, की सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनसाठी तिच्या बाटल्या जायच्या. हे सगळं टूरवर सांगतात. फान डेर स्टेलची आजी, म्हणजे आईची आई, मोनिका नावाची भारताच्या किनाऱ्यावरची बाई होती, हे मात्र सहसा राहून जातं.

याहून पुढची गोष्ट ऐका. अँजेला नावाची एक बाई, बंगालहून गुलाम म्हणून आणलेली. फान रिबेकच्याच घरात ती होती. पुढे विकली गेली, १६६६ मध्ये मुक्त झाली, पुढच्या वर्षी तिला केपटाउनमध्ये स्वतःच्या नावावर जागा मिळाली. तिची मुलगी आना दे कोनिंग. आनाचं लग्न ओलोफ बर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याशी झालं. बर्गने १७१६ मध्ये ग्रूट कॉन्स्टॅन्शिया विकत घेतलं आणि १७२४ मध्ये तो गेल्यावर मालकीण झाली आना. गुलाम म्हणून आणलेल्या बंगाली बाईची मुलगी केपमधल्या सगळ्यात नामांकित वाईन इस्टेटीची मालकीण!

इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मलाही वाटल्या. पण आनाच्या मालमत्तेच्या यादीत गुलामही होते. आईने जे भोगलं, तेच मुलीच्या मळ्यात दुसरी माणसं भोगत होती. त्या समाजात वर चढायची शिडीच अशी होती, की वर पोहोचायचं तर दुसऱ्याला विकत घ्यायचं. म्हणून ही गोष्ट 'बघा, आपली पोरगी कुठे पोहोचली' एवढ्यावर सोडून देता येत नाही.

हत्तींचा कोपरा

१६८८ मध्ये फ्रान्समधून धर्मामुळे पळून आलेले ह्यूगनॉट लोक केपला आले. त्यांना ज्या खोऱ्यात जमिनी दिल्या, ते आजचं फ्रान्सहूक. नावाचा अर्थ 'फ्रेंचांचा कोपरा'. टूरच्या पीडीएफमध्ये वाईन ट्रामचा फोटो असतो, तो इथलाच. पण त्याआधी डच लोक या खोऱ्याला काय म्हणायचे माहितेय? ऑलिफान्ट्सहूक. म्हणजे 'हत्तींचा कोपरा'.

आज तुम्ही तिथे हत्ती शोधा! एकही दिसणार नाही.

खरं तर पीडीएफमधला सगळ्यात विचित्र भाग हाच आहे. सफारीसाठी केपटाउनहून अडीच तास विमानाने देशाच्या दुसऱ्या टोकाला का जावं लागतं? कारण केपमध्ये प्राणी होते आणि ते संपवले गेले. ब्लूबक नावाचं निळसर हरीण फक्त केपच्या भागातच मिळायचं, ते १८०० च्या सुमारास नामशेष झालं. केपचा काळ्या आयाळीचा सिंह एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपला. अर्ध्या अंगावरच पट्टे असलेला क्वागा, झेब्र्याचाच भाऊबंद, त्यातला शेवटचा १८८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. बंदूक, कुंपण, गव्हाची शेतं, द्राक्षांचे मळे, मेंढ्या. आज केपटाउनपासून दोन-तीन तासांवर जी खासगी सफारी करवतात, तिथले मोठे प्राणी बहुतेक बाहेरून आणून सोडलेले असतात.

पगारात दारू

गुलामगिरी संपली कशी, तेही बघू. ब्रिटिशांनी केप घेतलं आणि १ डिसेंबर १८३४ रोजी तिथले गुलाम कागदोपत्री मुक्त झाले. पण पुढची चार वर्षं 'उमेदवारी' म्हणून त्याच मालकाकडे काम करायचं. खरी सुटका १ डिसेंबर १८३८ ला. नुकसानभरपाई दिली गेली, पण ती मालकांना. राबलेल्यांना काही नाही. हातात जमीन नाही, पैसा नाही, मग बरेच जण परत त्याच मळ्यांवर मजूर म्हणून गेले.

आणि तिथे होती 'डॉप' पद्धत. मजुरीचा काही भाग दारूत द्यायचा. दिवसातून अनेकदा, कामाच्या मध्येच, वाईनचं एक-एक माप. हलक्या प्रतीची वाईन, जी बाजारात विकली जात नाही, ती अशी खपायची. मजूर व्यसनी झाला की कुठे जात नाही, हा मालकाचा फायदा. १९६० च्या दशकात कायद्याने बंदी आली, तरी ही पद्धत १९९० च्या दशकापर्यंत कुठे ना कुठे चालूच राहिली. गरोदरपणातल्या दारूमुळे बाळाच्या मेंदूवर आणि वाढीवर जे कायमचे परिणाम होतात, त्यांचं जगात नोंदलं गेलेलं सगळ्यात जास्त प्रमाण ज्या ठिकाणी आहे, त्यात वेस्टर्न केपमधली ही वाईनची गावं आहेत. टेस्टिंग रूममध्ये पाच ग्लास ओळीत मांडून ठेवतात तेव्हा हे कोणी सांगत नाही, आणि सांगणं अवघड आहे हेही मान्य.

ही जुनी गोष्ट वाटत असेल तर २०१२ ऐका. केपटाउनहून ईशान्येला डे डोर्न्स हे खाण्याच्या द्राक्षांचं गाव आहे. तिथल्या शेतमजुरांनी संप केला आणि तो आसपासच्या वाईनच्या भागात पसरला. किमान मजुरी तेव्हा दिवसाला ६९ रँड होती. २०१३ मध्ये ती १०५ रँड झाली. एका टेस्टिंगच्या पैशात काय काय येतं, हा हिशोब तुम्ही करा.

वाईनच्या रस्त्यावरची आणखी एक जागा सांगतो. पार्ल आणि फ्रान्सहूकच्या मधे एक तुरुंग आहे, पूर्वी त्याचं नाव व्हिक्टर व्हर्स्टर. मंडेलांच्या कैदेचे शेवटचे चौदा महिने इथे गेले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मूठ वर करून ते चालत बाहेर आले, तो जगप्रसिद्ध व्हिडिओ रॉबेन बेटाचा नाही, या द्राक्षाच्या खोऱ्यातला आहे. गेटबाहेर त्यांचा पुतळा आहे. बस तिथूनच जाते, पाच मिनिटं थांबवायला सांगा.

झाडून काढणारा

आता तिसरा डबा. ज्याच्यासाठी सगळे जातात, तो.

आधी शब्द बघू. 'सफारी' हा स्वाहिली शब्द, मुळात अरबी 'सफर'मधून आलेला. आपल्या मराठीतली सफर तीच. आणि 'बिग फाइव्ह' म्हणजे सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. ही यादी शिकाऱ्यांची आहे. पायी शिकार करताना सगळ्यात धोकादायक प्राणी कोणते, त्यांची ही यादी. आज आपण त्याच यादीवर फोटो काढून टिक करतो.

शिकारीने पूर्वेकडचे प्राणीसुद्धा इतके घटले, की १८९८ मध्ये ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या काळात साबी गेम रिझर्व्ह जाहीर झालं. बोअर युद्ध संपल्यावर, १९०२ मध्ये, जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा स्कॉटिश लष्करी अधिकारी तिथे वॉर्डन म्हणून आला. प्राण्यांसाठी त्याने आयुष्य घातलं, यात शंका नाही. पण आत राहणाऱ्या लोकांना त्याने सुरुवातीलाच बाहेर काढलं. स्थानिक त्सोंगा लोकांनी त्याला नाव ठेवलं 'स्कुकुझा', म्हणजे झाडून साफ करणारा. काही जण त्याचा अर्थ 'सगळं उलथंपालथं करणारा' असाही सांगतात. आज क्रूगरमधल्या सगळ्यात मोठ्या कॅम्पचं नाव स्कुकुझा आहे. बोर्डिंग पासवरही तेच नाव येतं, कारण विमानतळही तिथेच. पुढे रिझर्व्हला मजूर लागले तेव्हा काही लोकांना आत राहू दिलं, पण भाडेकरू म्हणून. भाडं द्या नाहीतर श्रम द्या. वेठ म्हणा हवं तर.

गंमत म्हणजे, या सगळ्याला 'टूर' हे रूप रेल्वेने दिलं. १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने 'राउंड इन नाइन' नावाची नऊ दिवसांची सहल सुरू केली. गाडी साबी रिझर्व्हमधून जायची, पण मूळ बेत रात्री न थांबता निघून जायचा होता, कारण जनावरं बघायला कोण थांबणार! स्टीव्हन्सन-हॅमिल्टनने थांबा मागून घेतला. रेंजरसोबत थोडं चालायला मिळू लागलं आणि प्रवाशांना सगळ्या सहलीत तेच सगळ्यात जास्त आवडलं. प्राणी बघायला लोक पैसे देतात, हे सरकारला तेव्हा पटलं. ३१ मे १९२६ ला क्रूगर नॅशनल पार्क झालं. १९२७ मध्ये गाड्यांसाठी खुलं केलं तेव्हा पहिल्या वर्षी तीन मोटारी आल्या. फक्त तीन.

'माणसाचा हात न लागलेलं जंगल' असं क्रूगरबद्दल म्हणतात. पण पार्कच्या उत्तर भागात थुलामेला नावाच्या दगडी भिंतींच्या जुन्या वस्तीचे अवशेष आहेत. तिथे सोनं सापडलंय, हिंदी महासागरातल्या व्यापारातून आलेले काचेचे मणी सापडलेत. फालाबोर्वा गेटजवळ मासोरिनी इथे लोखंड गाळणाऱ्या लोकांचं गाव पुन्हा उभं करून दाखवलंय. हात लागलेलाच होता, शतकानुशतकं.

१९६६ आणि १९६९

आता दोन तारखा शेजारी ठेवतो.

११ फेब्रुवारी १९६६. केपटाउनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती सरकारने 'फक्त गोऱ्यांसाठी' जाहीर केली. तिथे गुलामांचे वंशज, मुसलमान, ज्यू, स्थलांतरित, सगळे मिसळून राहायचे. ६०,००० हून जास्त लोकांना उठवून शहराबाहेरच्या वाळवंटी सपाटीवर, केप फ्लॅट्सला नेलं आणि घरांवर बुलडोझर फिरवला. बरोबर चोवीस वर्षांनी, त्याच तारखेला, मंडेला सुटले. योगायोगच, पण लक्षात राहणारा.

१९६९. क्रूगरच्या उत्तर टोकाला, पफुरी भागात माकुलेके लोक राहायचे. साधारण ३,००० माणसं. त्यांना बंदुकीच्या धाकावर हलवलं, स्वतःची घरं स्वतःच जाळायला लावली आणि ती जमीन पार्कला जोडली.

एका ठिकाणी गोऱ्यांना घरं हवी होती म्हणून, दुसरीकडे जंगल वाढवायचं म्हणून. सरकार एकच. शहर आणि जंगल हे टूरवर दोन डबे असतील, उठवलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र ट्रक सारखाच होता.

पण माकुलेकेंची गोष्ट तिथे थांबत नाही. वर्णभेदाची राजवट गेल्यावर त्यांनी जमिनीचा दावा लावला आणि १९९८ मध्ये सुमारे २४,००० हेक्टर जमीन परत त्यांच्या नावावर झाली. त्यांनी तिथे घरं बांधली नाहीत. जंगल जंगलच ठेवलं, पार्कसोबत करार केला आणि पर्यटनाच्या लॉजमधून उत्पन्न आणि नोकऱ्या मिळवायला सुरुवात केली. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण प्राणी वाचवायचे तर माणसं हाकललीच पाहिजेत, हे गृहीतक किती तपासण्यासारखं आहे, ते यातून दिसतं. मेळघाट आणि ताडोबातूनही गावं हलवली गेली आहेत. पुढच्या वेळी ताडोबाच्या जिप्सीत बसाल तेव्हा गाईडला 'वाघ कुठे दिसेल' याच्या जोडीला 'इथलं गाव कुठे गेलं' हेही विचारून बघा. अनेकदा तो स्वतःच त्या भागातला असतो.

मग जायचं की नाही?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. जायचं! जरूर जायचं. आई-बाबांनी आयुष्यभर एलटीसीवर भागवलं असेल आणि आता त्यांना सिंह बघायचा असेल, तर त्यांच्या आनंदावर विरजण घालायला हा भाग केलेला नाही. टेबल माउंटनवरून दिसणारा समुद्र आणि पहाटे गाडीसमोरून शांतपणे जाणारा हत्तींचा कळप, दोन्ही खरोखर सुंदर आहेत. तिथल्या हजारो लोकांचं पोट पर्यटनावर चालतं, त्यात त्या गुलामांचे वंशजही आहेत.

फक्त यादीत चार-पाच गोष्टी वाढवा. केपटाउनच्या मोकळ्या दुपारी मॉलऐवजी स्लेव्ह लॉज आणि डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. रंगीबेरंगी घरांच्या बो-कापमध्ये सेल्फी काढाल, तेव्हा तिथली १७९४ ची अव्वल मशीद बघा, देशातली पहिली. तिथल्या जेवणात रोटी आहे, सामोसा आहे आणि 'आचार' म्हणून ओळखीचं लोणचंही आहे. ते कसं पोहोचलं हे आता तुम्हाला माहितेय. वाईन इस्टेटवर विचारा, इथल्या मजुरांची घरं कुठे आहेत? काही इस्टेटींनी मजुरांना मालकीत वाटा दिलाय, त्यांची वाईन मागून घ्या. आणि कर्स्टनबॉशमध्ये ते कडू बदामाचं कुंपण कुठे आहे, हे विचारायला विसरू नका.

तुमच्यापैकी कोणी जाऊन आलं असेल, किंवा आई-बाबा जाऊन आले असतील, तर त्यांच्या गाईडने यातलं काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, ते कळवा. मला खरंच जाणून घ्यायचंय. आणि ती पीडीएफ फॅमिली ग्रुपवर परत आली, तर खाली हा भाग चिकटवून द्या.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. काळजी घ्या!